जागा कोण देतो?

(युवक कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातली पोरं मुंबई सोडून चाललीत. कुणाला तालुक्याच्या गावी नोकरी लागली, कुणी एमआयडीसीत ठेक्यावर गेला, कुणाची चाळ पाडली आणि बाहेरचं भाडं परवडेना म्हणून अख्खं घरच गावाकडं निघालं. जाणारा पगार विचारतो, खोली विचारतो. ते विचारायलाच पाहिजे. पण रात्री टपरीवरचे सगळे उठून गेले की तो हळूच आणखी एक विचारतो. तिकडं आपल्यासारखी माणसं भेटतील का? कविता कुणाला वाचून दाखवायची? नाटकावरनं कुणाशी भांडायचं? जात न काढता कुणाच्या घरात तासभर बसता येईल का?

हा प्रश्न चैनीचा आहे, असं आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात. आधी पोट, मग कविता. मी गोदीत ओझी वाहतो, पोट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण पोट भरल्यावरही माणूस मरतो, हे मी बघितलंय. धारदार कविता लिहिणारा आपल्यातला एक जण नोकरीला बाहेरगावी गेला. तिथं त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. आज तो लिहीत नाही, सभेला येत नाही, ऑफिसातल्या सत्यनारायणाची वर्गणी मुकाट्यानं काढून देतो. त्याला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. नुसतं एकटं पाडलं. चळवळीतला एक माणूस असा कमी होतो आणि त्याची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही. म्हणून मी आज याच प्रश्नावर बोलणार आहे.

पहिल्यांदा मुंबईचा हिशेब करू.

आपण म्हणतो, मुंबई मोकळी आणि गाव कर्मठ. मुंबई मोकळी कशानं झाली? इथल्या शेठजींचं काळीज मोठं होतं म्हणून? गिरणीला हात पाहिजे होते, गोदीला खांदे पाहिजे होते, म्हणून गावकुसाबाहेरचा माणूस इथं आला. आल्यावरही त्याला विणकर खात्यात जागा नव्हती. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडाचा विटाळ शेजारच्या कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. जगातल्या कामगारांना एक व्हायला सांगणाऱ्या शहराची ही गत.

तरी इथं काहीतरी उगवलं, ते कुठं उगवलं ते बघा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत मोठेपणी अक्षरं शिकले आणि मग गावोगाव गात फिरले. १९७२ साली दलित पँथर निघाली. त्या पोरांचा अड्डा होता वडाळ्याचं सिद्धार्थ विहार, म्हणजे एक साधं वसतिगृह. यातलं काहीही कुठल्या कलादालनात घडलेलं नाही. दहा बाय दहाची खोली, वसतिगृहाचा जिना, युनियनचं ऑफिस, खानावळ, इराण्याचं हॉटेल. माणसं एकमेकांना खेटून राहिली, त्या रेटारेटीतनं शब्द बाहेर पडला.

आणि याच मोकळ्या मुंबईत १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल झाली, नंतरच्या मोर्चावर परळला वरनं दगड पडला आणि भागवत जाधव गेला. याच मुंबईत ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. ते बघून शाहीर विलास घोगरेनं चार दिवसांनी स्वतःला फास लावून घेतला. गाणाऱ्या माणसाला या शहरात जगावंसं वाटलं नाही. तेव्हा मुंबईचा फोटो देव्हाऱ्यात ठेवून गावी जाऊ नका.

ती रेटारेटीही आता मोडलीय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कधी आत गेलेच नाहीत. १९८९ ला पलीकडं न्हावाशेवा बंदर सुरू झालं. जहाजाच्या पोटातनं गोण्या काढायला पूर्वी टोळ्याच्या टोळ्या लागायच्या, पाळ्यामागून पाळ्या जायच्या. आता क्रेन एक खोकं उचलते आणि ट्रेलरवर ठेवते. टोळी गेली तशी टोळीतली गाणीही गेली. आज शहरात राहणारासुद्धा विरारच्या पलीकडं आणि बदलापूरच्या पलीकडं फेकला जातोय. म्हणजे आपल्यासारखी माणसं कुठं शोधायची, हा प्रश्न इथं राहणाऱ्यालाही सुटलेला नाही.

आता दुसरा मुद्दा. आपल्यासारखी माणसं म्हणजे कोण?

उदारमतवादी, कलाप्रेमी, पुरोगामी हे शब्द फार गोड आहेत. अशी मंडळी प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असतात. डॉक्टर असतो, वकील असतो, रिटायर प्राध्यापक असतो. कोजागिरीला कविसंमेलन होतं, मसाला दूध असतं, गझल होते, पावसाची कविता होते. आपल्याला बोलावतातही. आपली कविता ऐकून म्हणतात, अनुभव अस्सल आहे, पण जरा कडवट. माझा त्यांच्यावर राग नाही. मी फक्त एक माप लावतो. हा माणूस जागा देतो का?

हे माप मी महाडवरनं घेतलंय. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं सगळ्यांना खुलं. ठराव चांगलाच होता. पण तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण ठरावाला पाय नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांच्या मागनं हजारो माणसं गेली, पाणी प्याली, आणि मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. कागदावरचा उदारपणा असाच असतो, शाई वाळायच्या आत परत घेता येतो.

पुढं डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची तर महाडात मांडवाला जागा मिळेना. दुकानदार सामान देईनात, धान्य बाहेरनं न्यावं लागलं. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. त्या जमिनीवर २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळाली. जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे कायस्थ. म्हणजे माझं माप जन्मावरनं कुणाला हाकलत नाही. फत्तेखानांचं साहित्यावर, कलेवर काय मत होतं ते मी विचारत बसत नाही. लोक जागा नाकारत होते त्या दिवशी त्यांनी जागा दिली. ती किंमत मोजणारा माणूस मला आपला वाटतो.

म्हणून नव्या गावी गेल्यावर कोण किती पुस्तकं वाचतो हे नंतर बघा. आपल्याला कोण बसायला जागा देतो, छापायला पानाची जागा देतो, भाड्यानं खोली देतो, पंगतीत शेजारची जागा देतो, आणि पोलीस ठाण्यात आपल्या शेजारी उभा राहतो ते आधी बघा.

तिसरा मुद्दा. कर्मठ मुलखात आपल्या आधी कुणी गेलंच नव्हतं का?

कोकण घ्या. खोतांचा मुलूख. दापोलीला इंग्रजांची छावणी होती, पलटणीतनं पेन्शनीवर आलेले महार शिपाई तिथं वस्ती करून राहिले. पलटणीच्या शाळेत त्यांच्या घरात अक्षर आलेलं होतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर याच दापोलीत राहिले, 'दीनबंधू'त लिहिलं आणि १८८८ ला 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. शाळेत आपल्या पोरांना वऱ्हांड्यात बसवत होते, त्याविरुद्ध या पेन्शनरांनी अर्जावर अर्ज केले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही काही काळ तिथंच होते. बघा, तिथं साहित्य मंडळ नव्हतं, कलावंतांची वसाहत नव्हती. म्हाताऱ्या शिपायांची वस्ती होती. पण लिहिता-वाचता येणारी आणि मान वर करून चालणारी चार माणसं एका ठिकाणी होती. तेवढ्यावर भागलं.

मराठवाडा घ्या. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, जमीनदारी, देशमुखी. तिथं औरंगाबादला, २०२३ पासून ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तिथं, बाबासाहेबांनी १९५० ला कॉलेज काढलं. त्याला मिलिंद नाव दिलं आणि त्या माळाला नागसेनवन. मागास मुलखात कॉलेज चालेल का, असा विचार त्यांनी केला असता तर ते मुंबईतच थांबले असते. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस सवर्णांच्या घरातले. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि १९५५ साली मिलिंदच्या पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. खेड्यापाड्यातनं आलेली, पहिल्यांदा पायात चप्पल घातलेली पोरं रंगमंचावर उभी राहिली.

गंगाधर पानतावणे तर आपल्या प्रश्नाचं जिवंत उत्तर आहेत. ते मूळ नागपूरचे. नागपूर म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेचं शहर, तिथं आपल्या माणसांचा तोटा नव्हता. ते सोडून ते औरंगाबादला शिकवायला आले. १९६७ साली त्यांनी त्रैमासिक सुरू केलं, पुढं ते 'अस्मितादर्श' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. दुसऱ्या कुणाच्या अंकात दोन पानांची भीक मागायच्या ऐवजी आपला अंक काढला आणि खेड्यातल्या अनोळखी पोरांना पानं दिली. त्यातनं लेखक-वाचकांचे मेळावे झाले. गावोगावचा एकेकटा लिहिणारा तिथं आला आणि त्याला कळलं की आपण एकटे नाही. २०१८ साली ते गेले तोवर त्यांनी ती जागा राखली.

पण मी तुम्हाला गुलाबी चित्र दाखवणार नाही. त्याच मराठवाड्यात २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावंच्या गावं आपल्या माणसांवर तुटून पडली. घरं जाळली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. सोळा वर्षं लढल्यावर १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही विस्तार करून. म्हणजे मासिक निघालं, कॉलेज निघालं, म्हणून मुलूख बदलला असं नाही. पण जाळपोळीनंतर राखेवर उभं राहून काय झालं ते लिहून ठेवणारे हात तयार होते, कारण ते अकरा-बारा वर्षं एकत्र बसत होते. आपल्या बैठकीचा उपयोग असा असतो. आग लागल्यावर माणसं शोधत फिरावं लागत नाही.

तिसरं उदाहरण बेबीताई कांबळेंचं. फलटण, जुन्या संस्थानाचं गाव. त्या आपलं छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतलं वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. वर्षानुवर्षं लपवलं. कुणापासून? सवर्णांपासून नव्हे. आपल्याच नवऱ्यापासून, आपल्याच घरापासून. त्याच फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन अभ्यासक बाई येऊन कायमची राहिली होती. तिनं विचारपूस केली, ते लिखाण बाहेर काढलं, आणि १९८२ ला ते 'स्त्री' मासिकात आलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. ही बाई सातासमुद्रापलीकडनं एका कर्मठ गावात आली होती. आपल्यासारखं कुणी नाही म्हणून रडत बसली असती तर बेबीताईंच्या वह्या फळीवरच राहिल्या असत्या. आणि ती शोधत होती ते माणूस किराणा दुकानात पुड्या बांधत बसलेलं होतं.

यातनं मी एक धडा घेतला. आपल्यासारखी माणसं आपल्यासारखी दिसत नाहीत. त्यांच्या खांद्यावर झोळी नसते, दाढी नसते, ती स्वतःला कवी म्हणवत नाहीत.

माझ्या स्वतःच्या आठ महिन्यांचं थोडं सांगतो, कारण त्यात तुम्हाला उपयोगी पडेल असं काही आहे. ठेकेदारानं आम्हा अकरा जणांना रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या धक्क्यावर कोळसा उतरवायला नेलं होतं. कोकणात तुमची जात कुणी विचारत नाही. तुमची वाडी विचारतात. वाडी सांगितली की सगळं कळतं. दोन ठिकाणी खोली रिकामी होती. वाडी सांगितल्यावर एका घरी भाचा राहायला येणार निघाला, दुसऱ्या घरी छप्पर दुरुस्त करायचं निघालं. भाचा आठ महिन्यांत आला नाही आणि छपरावर कौलही कुणी फिरवलं नाही.

शेवटी बौद्धवाडीत खोली मिळाली. मालकीणबाईंनी भाडं नंतर विचारलं, पहिल्यांदा विचारलं, मुंबईला कुणाचा तू? कारण प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं, खोल्यांवर राहणारी माणसं असतात, जयंतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी असतात. दोन-तीन नावं जुळली आणि मी पाहुण्याचा घरचा झालो. आपली माणसं शोधायचा हा पहिला रस्ता. मुंबईत असतानाच त्या वाडीच्या मंडळाचा पत्ता काढून जा.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक आजोबा पेटी घेऊन बसले. त्यांना सगळे बुवा म्हणत. त्यांच्याजवळ गाण्यांच्या सहा वह्या. आयुष्यभर बुवा-बाईच्या सामन्यात गायलेली, स्वतः रचलेली गाणी. एकही छापलेलं नाही. मी पहिला महिना स्वतःची कविता काढलीच नाही. बुवांचं ऐकलं, उतरवून घेतलं. मग बुवाच म्हणाले, आता तुझं काय ते वाच बाळा. यमक नसलेली कविता त्यांनी पहिल्यांदा ऐकली. म्हणाले, ठेका नाही, पण दम आहे. मुंबईत माझ्या कवितेबद्दल एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

गावात वाचनालय होतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रात गावोगावी अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं आहेत, कुणाच्याही बापाची जहागीर नाहीत. वर्गणी भरली, आणि आपली पुस्तकं कोण नेतं ते रजिस्टरमध्ये बघितलं. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' वर दोनच नावं होती. एक एसटीचा कंडक्टर, दुसरी अंगणवाडीची ताई. दोघांना जाऊन भेटलो. दोघंही एकाच गावात राहत होते आणि दुसरंही कुणी असलं वाचतं हे एकमेकांना ठाऊक नव्हतं.

गावातल्या साहित्यप्रेमी मंडळातही गेलो. तिथले एक रिटायर गुरुजी, जुन्या खोताच्या घराण्यातले, तिसऱ्या खेपेला स्वतः वाडीत आले. चहा घेतला. म्हणाले, पावसाळ्यात बसायला आमची पडवी घ्या. आम्ही बसलो. त्यांच्या भावकीत यावरनं भांडण झालं, एका चुलतभावानं बोलणं टाकलं. गुरुजींनी पडवी काढून घेतली नाही. याच कोकणातली खोती मोडायचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं. त्या खोताच्या पडवीत बसून आम्ही त्यावर तास दीड तास बोललो आणि गुरुजींनी ते ऐकून घेतलं, मध्ये मध्ये वादही घातला. याला मी उदार म्हणतो.

आता आपल्या घरातलं बोलू. आमच्या बैठकी रात्री व्हायच्या. अंगणवाडीची ताई दोनदा आली आणि यायची थांबली. घरनं विचारणा झाली, वाडीत कुजबुज झाली. ती विहाराच्या दारात मला स्पष्ट म्हणाली, दादा, तुमची क्रांती रात्री नऊला सुरू होते, तेव्हा मी भाकऱ्या थापत असते. वेळ बदलली. रविवारी दुपारी, विहारात. तिच्याबरोबर तिघी आल्या. त्यातल्या एकीनं सासरी चुलीपुढं रचलेल्या ओव्या म्हणून दाखवल्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवारांनी १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, चळवळीतल्या बायकांना शोधून शोधून बोलतं केलं. ते पुस्तक आपण वाचतो, त्यावर टाळ्या वाजवतो, आणि बैठक रात्री नऊला ठेवतो. सवर्णांच्या गावाला कर्मठ म्हणायच्या आधी आपल्या घड्याळात किती वाजलेत ते बघा.

तसंच दुसरं. मातंग वस्ती, चर्मकार आळी, मुसलमान मोहल्ला, कुणब्यांची वाडी. जाखडी नाचणारी कुणब्यांची पोरं उत्तम शीघ्रकवी असतात. त्यांच्याकडं आपण गेलो नाही तर आपली बैठक म्हणजे आणखी एक भावकी.

आणि आता भीतीचं. शौर्य सांगणारे खूप आहेत, मी भीतीचंही सांगणार. २०१४ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या आपल्या पोराला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो हा त्याचा गुन्हा. २०१७ ला सगळे आरोपी सुटले. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाला मारून टाकलं, कारण त्याच्या मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली. गाणं वाजलं म्हणून जीव गेला. तेव्हा तिकडं कविता वाचणं हा छंद नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. एकट्यानं चौकात जाऊन विद्रोह करू नका. आधी माणसं जोडा. वाडीतल्या चार घरांना तुम्ही कुठं जाता, कधी येता ते माहीत असू द्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचून ठेवा, जिल्ह्याच्या गावचा एक भरवशाचा वकील ओळखीचा ठेवा. आणि आडनाव लपवू नका. लपवलेलं आडनाव कधीतरी बाहेर येतं, आणि त्या दिवशी तुमच्यासाठी उभं राहायला कुणी नसतं, कारण तुम्ही कोण आहात हेच कुणाला माहीत नसतं.

मी परत आलो तेव्हा त्या बैठकीत नऊ माणसं होती. मी असताना पंधरा झाली होती. दोघं नोकरीला गेले, दोघींची लग्नं झाली, दोघांचं आपसात बिनसलं. राहिलेल्या नऊ जणांनी बुवांची वीस गाणी आणि स्वतःच्या कविता मिळून दोन कागदांचं पत्रक काढलं. झेरॉक्सचा खर्च कंडक्टरनं केला. ते पत्रक आज माझ्या खिशात आहे, सभा संपल्यावर ज्याला पाहिजे त्यानं घ्या. त्यातलं सगळंच चांगलं नाही. पण त्या गावात आपल्या माणसांनी स्वतः लिहून स्वतः छापलेला तो पहिला कागद आहे, असं बुवा म्हणतात.

आता शेवटचं, आणि हे इथं राहणाऱ्यांसाठी. जाणाऱ्याला निरोप देऊन आपलं काम संपत नाही. आपण हार घालतो, फोटो काढतो, आणि महिन्याभरात त्याचा फोन उचलायचं बंद करतो. एकटं पाडायचं काम मग गाव करतं, पण त्याला सुरुवात आपण केलेली असते. माझी सूचना आहे, आजपासून एक वही करू. जो जो शहर सोडेल त्याचं नाव, गाव, वाडी आणि फोन त्यात लिहू. अंक निघाला की त्याला पाच प्रती पोस्टानं पाठवू, एक त्याची आणि चार त्याला जी चार माणसं भेटतील त्यांची. त्यानं पाठवलेल्या मजकुराला अंकात दोन पानं राखून ठेवू, आणि ती पानं मुंबईच्या कवीला द्यायची नाहीत, माझ्यासुद्धा. वर्षातनं एक बैठक त्याच्या गावी घेऊ, भाडं आपण काढू.

दुसऱ्यांना जागा मागताना आपण हजार वर्षांचा हिशेब मांडतो. आपल्या हातात दोन पानांची जागा आहे, ती आधी देऊ. वही मी आणलीय. टेबलावर ठेवतो. ज्याला जायचंय त्यानं पहिल्यांदा नाव लिहावं.

जय भीम.